उतारासाठी राखलेली जागा

सूनबाई कामावरून घरी आल्या की सासूबाई आधी चाकाकडे पाहायच्या आणि मग सुनेकडे. मुलगा त्यावरून चिडवायचा, "आई, बायको माझी आहे, चाक नाही. आधी तिला पाणी तरी विचार."

सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "ती तोंडानं मागून घेईल. या मुक्यानं कुणाकडे मागायचं?"

मुकं म्हणजे विजेवर चालणारी एकचाकी. तिला बसायला जागा नाही की धरायला दांडा नाही. मधोमध एक जाडजूड चाक, त्याला काळी पेटी आणि दोन्ही बाजूंना पावलं ठेवायला दोन फळ्या, एवढाच काय तो संसार. माणूस नुसतं उभं राहतं. पुढे झुकलं की चाक पुढे, मागे रेललं की चाक थांबतं. पहिल्यांदा सुनेला त्यावर उभी पाहिली तेव्हा सासूबाईंनी डोळेच मिटून घेतले होते. उघडले तोवर ती वळणाआड गेलेली.

घर टेकडीच्या अगदी माथ्यावर. सून दवाखान्यात नर्स. दवाखाना पायथ्याला, आणि तिचे रोगी मात्र सगळीकडे. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, सुया द्यायच्या. बस माथ्यापर्यंत येत नव्हती. चाक आलं आणि हे सगळं जमू लागलं. मुलगा मागच्या खोलीत पुस्तकं बांधायचा. त्याचं लोखंडी दाबयंत्र, डिंकाचा वास, कातड्याचे तुकडे, सगळं या घरात मुरलेलं. म्हणजे खरं सांगायचं तर त्या एका चाकावर तिघांचं घर माथ्यावर टिकून होतं.

चार्जिंगच्या वेळी चाकावर कुणाचं तरी लक्ष हवं, असं सुनेनं पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळे झोपल्यावर नाही, घर रिकामं ठेवून तर नाहीच. सासूबाईंनी लगेच आपली खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली. "मी बसते. नाहीतरी माझे गुडघे मला कुठे जाऊ देतात?"

मग सुनेनं बाकीचे नियम सांगितले आणि काय आश्चर्य, सासूबाईंना ते आधीपासूनच ठाऊक होते. चाक चालून आलं की तापलेलं असतं, तेव्हा लगेच वायर लावायची नाही. बरोबरच आहे, उन्हातून आलेल्याला लगेच ताटावर बसवू नये. गार फरशीवर ठेवायचं नाही, चटईवर ठेवायचं. बाळालाही तसंच ठेवतात. वायर खोचायच्या भोकाला ओल लागू द्यायची नाही, आधी पुसून घ्यायचं. तोंड पुसून भरवायचं, त्यात काय सांगायचं? अगदी शून्यापर्यंत रिकामं होऊ द्यायचं नाही. उपाशी ठेवायला इथे कुणी सावत्र बसलंय का?

एकच नियम त्यांच्या गळी उतरेना. चार्जरला एक सरकती कळ होती. तिला तीन जागा : ऐंशी, नव्वद, शंभर. सून ती ऐंशीवरच ठेवायची. तेवढं भरलं की चार्जर आपोआप थांबायचा, लाल दिवा हिरवा व्हायचा, आणि सासूबाईंनी वायर काढायची.

"ऐंशीच का गं?"

"रोज काठोकाठ भरलं की बॅटरी लवकर म्हातारी होते, आई."

"जेवून कुणी म्हातारं होतं? न जेवता होतात."

सून हसली आणि कामाला लागली. तिनं अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आपल्याला कोण विचारणार, असं तिला वाटलं.

थंडी कडक पडली. एका संध्याकाळी सून चाक हातानं ढकलत, चालत चढ चढून आली. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, त्यातून समोरून वारा. शेवटच्या चढावर चाकानं मान टाकली. तिचे ओठ निळे पडले होते. सासूबाईंनी तिच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला. आपण घरात बसून हिला आणि चाकाला अर्धपोटी घराबाहेर काढतो, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्या एकट्याच असताना त्यांच्या बोटानं ती कळ हळूच सरकवली. नव्वद. टक्. हिरवा दिवा लागल्यावर वायर काढली, कळ पुन्हा ऐंशीवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, त्या दिवशी त्यांनी सुनेच्या ताटात बटाटे जरा जास्तच वाढले.

काही बिघडलं नाही. उलट आठवड्याभरानं सून म्हणाली, "चाक हल्ली खूश दिसतंय. मी परत येते तरी ते दमलेलं नसतं."

"खाऊनपिऊन असलं की माणूस खूश राहतं," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मग एकदा सुनेनं सांगितलं की उद्याची फेरी लांबची आहे, पलीकडच्या वस्तीपर्यंत जायचंय. त्या संध्याकाळी कळ शेवटच्या घरात गेली. शंभर.

सकाळी सून निघाली. चाकाच्या कपाळावरचा दिवा हिरवा होता, आणि हिरवा म्हणजे निम्म्याच्या वर, एवढं तिला पुरेसं असायचं. नेमका आकडा फोनमध्ये दिसायचा, पण कळ ऐंशीवर असताना तो कोण बघतंय? ती फाटकाबाहेर पडली. उतार सुरू झाला. दुसऱ्या वळणावर चाक किंचाळू लागलं. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पायाखालच्या फळ्या मागे कलल्या, जणू कुणी खांदे धरून मागे ओढतंय. तिनं उडी मारली, पडली, तळहात सोलवटला. चाक कुंपणाच्या झुडपात जाऊन उताणं झालं.

उभं राहून तिनं फोन पाहिला. शंभर टक्के.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तळहातावर पट्टी होती. दुसऱ्यांच्या जखमा बांधणारीला आपलाच हात एका हातानं बांधावा लागला होता. तिनं चार्जर उलटसुलट पाहिला. कळ ऐंशीवर. "आई, तुमच्यासमोर काही झालं का? आवाज, वास?"

"नाही गं. हिरवा दिवा झाला, काढली वायर."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरंही पुरतं नव्हतं. सासूबाईंना सुनेची जखम दिसत होती. पण त्या जखमेत आपलं बोट आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना वाटलं, चाकाला अशक्तपणा आला, चक्कर आली. आणि आजाऱ्याला काय करतात? दोन घास जास्त भरवतात. त्या संध्याकाळी कळ पुन्हा शंभरवर गेली.

या वेळी सुनेनं निघण्याआधी फोन उघडला. पुन्हा शंभर. तिचा चेहरा उतरला. ती चाकावर चढलीच नाही. ढकलत, सगळी वळणं चालत, ती ते चार्जरसकट पायथ्याच्या कारागिराकडे घेऊन गेली. त्यानं पेटी उघडली, तारा तपासल्या, बॅटरी थोडी रिकामी करून चार्जर लावून पाहिला. त्याच्याकडे चार्जर बरोबर ऐंशीवर थांबला. त्यानं डोकं खाजवलं.

"घरात कुणी ही कळ हलवतं का?"

"छे. सासूबाई स्वतः राखणीला बसतात. त्यांच्याएवढी काळजी मीही घेत नाही."

"मग मला सांगता येत नाही. थांब म्हटल्यावर कधी थांबते, कधी थांबत नाही, अशी बॅटरी असेल तर तिला घरात ठेवू नका. अंगणात, भिंतीपासून लांब ठेवा. रविवारी आणून द्या, मी निकालात काढतो."

त्या दिवशी बेकरीवाला आपल्या गाडीतून पाव पोचवायला वर येत होता, त्यानं सुनेला आणि चाकाला वर आणून सोडलं. चाक अंगणात दगडावर गेलं. सासूबाई खिडकीतून पाहत राहिल्या. घराबाहेर काढलेल्या पोरासारखं ते तिथे उभं होतं, खाली मान घालून.

जेवताना सून म्हणाली, "आपण खाली राहायला जाऊ. दवाखान्यामागे एक खोली रिकामी आहे. लहान आहे, दोघांपुरती. दाबयंत्र कसंबसं मावेल. आई, थोडी मोठी जागा मिळाली की तुम्हालाही नेऊ."

सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. थोडी मोठी जागा म्हणजे काय आणि ती केव्हा, हे विचारायचं नसतं. उत्तर द्यायचं नसलं की माणसं असंच बोलतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मागची खोली आली, यंत्राशिवायची, डिंकाचा वास हळूहळू विरून गेलेली.

"पण झालंय काय त्याला?" त्यांनी विचारलं. "पोट भरलेलं होतं तर चालायला काय झालं?"

"भरलेलं होतं म्हणूनच तर!" सून म्हणाली. "आई, उतारावर ब्रेक कोण लावतं? चाकच. आणि ते ब्रेक लावताना वीज तयार करतं. आपण खाली जातो ना, त्या उतरण्याचीच वीज होते आणि बॅटरीत परत जाते. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवणार कुठे? जागा नसली की ते ब्रेक लावू शकत नाही. म्हणून ओरडतं, म्हणून मला मागे ढकलतं. उतर, म्हणतं, मला आता सांभाळता येत नाही. माथ्यावर राहणाऱ्यांनी भरून निघायचंच नसतं. उतारासाठी जागा राखायची असते."

डाव पातेल्यात पडला.

"ते मी केलं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"ती कळ. मीच सरकवत होते. आधी नव्वद, मग शंभर. मला वाटलं..."

मुलगा मोठ्यानं हसला. "झालं! आई, मागच्या महिन्यात दूध उतू गेलं ते तुझ्यामुळे, खिडकीची काच तडकली ती तुझ्यामुळे, माझा डिंक वाळला तोही तुझ्यामुळे. घरात शांतता राहावी म्हणून तू भूकंपही अंगावर घेशील."

"अरे, खरं सांगतेय मी!"

"आई," सून हळूच म्हणाली, "आम्ही जाऊ नये म्हणून म्हणताय ना? कळतं मला." तिचे डोळे भरून आले होते. तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला, पट्टी बांधलेल्या हातात.

आता पाहा देवाची करणी. जन्मभर दुसऱ्यांचे दोष पदरात घेतले, आणि एकदाच स्वतःचा दोष कबूल केला तर तो कुणी घेईना!

सासूबाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "चाक आत आणा."

"आई, कारागीर म्हणाला..."

"कारागिराला माझं बोट माहीत नाही. आणा म्हणते ना!"

चाक व्हरांड्यात आलं, चटईवर बसलं. दिवसभर गारठ्यात होतं, म्हणून सुनेनं आधी त्याला घरातल्या उबेत येऊ दिलं. फार गार बॅटरीलाही लगेच वायर लावायची नसते. आत घेण्याआधी माथ्यावर सपाटीच्या रस्त्यानं दोन-चार फेऱ्या मारून तिनं थोडी वीज उतरवली होती, म्हणून आत आता जागा होती. मग वायर लागली. खुर्चीत या वेळी सून बसली. सासूबाई समोर, हात पाठीमागे बांधून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारख्या.

दिवा हिरवा झाला. सुनेनं फोन पाहिला. ऐंशी.

"आता इकडे बघ." सासूबाई पुढे झाल्या आणि सवयीच्या सफाईनं, न पाहता, अंगठ्यानं कळ सरकवली. टक्. हिरवा दिवा पुन्हा लाल झाला. चार्जरचा पंखा भुणभुणू लागला. त्यांनी लगेच कळ मागे आणली. टक्. हिरवा. "असं. रोज. तुमची पाठ वळली की."

मुलानं आधी बायकोकडे पाहिलं, मग आईच्या अंगठ्याकडे.

"म्हणजे भूकंपही खरंच तुझाच," तो म्हणाला.

सून हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली, आणि तिनं सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मला तुम्ही मारलंच असतं की हो!"

"करायला गेले एक अन् झालं भलतंच, बाळा." सासूबाई म्हणाल्या. "तू मला अर्धंच सांगितलंस, आणि मी अर्धंही ऐकलं नाही."

चाक निर्दोष ठरलं, कारागिरालाही तसं कळवलं. पण खोलीची गोष्ट मिटली नव्हती. सकाळी सून फाटकाशी चाकावर चढली आणि पुन्हा खाली उतरली. पुन्हा चढली. उतरली. आकडा ऐंशी होता, चाक ठणठणीत होतं. पाय ऐकत नव्हते.

"मला ते वळण दिसतंय," ती म्हणाली. "नाही जमायचं, आई. खाली राहू आपण, तेच बरं."

तेवढ्यात पाव पोचवून बेकरीवाल्याची गाडी परत निघाली. सासूबाईंनी रस्त्यात उभं राहून हात आडवा केला.

"अहो काकू, चिरडायचंय का?" बेकरीवाला ओरडला.

"मला खाली ने. हिच्या मागून. आणि हिच्या अंगावर जाऊ नकोस, नाहीतर तुझे पाव कुणी खायचे नाहीत, एवढी बदनामी करीन."

गुडघ्यांमुळे त्या कितीतरी दिवसांत टेकडी उतरल्या नव्हत्या. बेकरीवाल्यानं हात दिला, त्या पुढच्या आसनावर बसल्या, मांडीवर पावाची रिकामी टोपली. काचेतून ओरडल्या, "चल! मी मागे आहे. पडलीस तर मी आहे, आणि नाही पडलीस तरी आहे."

सून चढली. या वेळी उतरली नाही.

आणि मग सासूबाईंनी पाहिलं. आजवर त्यांनी तिला फक्त फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत पाहिलं होतं, तेही अर्धे डोळे मिटून. आता ती समोर होती, रस्ता उलगडत होता आणि ती उभी होती. नुसती उभी. धरायला काही नाही, टेकायला काही नाही. हात दोन्ही बाजूंना सैल, तळवे किंचित उघडे. उजवं वळण आलं की अख्खी उजवीकडे कलायची, वाऱ्यातल्या कणसासारखी, आणि वळण संपलं की पुन्हा सरळ. खाली झाडांचे शेंडे होते, त्याखाली घरांची छपरं, आणि ती त्या सगळ्यांवरून पाऊल न उचलता जात होती.

दुसरं वळण आलं. तेच कुंपण, तेच मोडलेलं झुडूप. सासूबाईंनी टोपलीची कड घट्ट धरली. बेकरीवाल्यानं गाडी हळू केली.

सून जरा मागे रेलली. चाकाचा आवाज बदलला. ओरडणं नव्हे, खोल, भरीव गुणगुण, जशी एखादी बाई झोळीतल्या लेकराला हलवताना करते. वेग कमी झाला. ती वळली. गेली.

"उतरली की!" बेकरीवाला म्हणाला. "काकू, श्वास घ्या आता."

पायथ्याला दवाखान्यापुढे सून थांबली. गाल लाल झालेले, डोळे चमकत होते. सासूबाई गाडीतून उतरायच्या आतच तिनं फोन त्यांच्यापुढे धरला.

"बघा."

त्र्याऐंशी.

सासूबाईंनी आकडा पाहिला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "वर ऐंशी होतं."

"हो."

"वाटेत कुठे वायर लावलीस?"

"कुठे लावणार? तुम्ही मागे होतात ना."

"मग हे तीन कुणी भरवले?"

"उतारानं, आई."

सासूबाईंनी मान वर केली. टेकडी उभी होती, सकाळच्या उन्हात, आपलं घर कुठेतरी तिच्या माथ्यावर ठिपक्याएवढं. रोज संध्याकाळी ही टेकडी या पोरीच्या चाकातलं सगळं पाणी शोषून घेते म्हणून त्या तिच्यावर मनातून रागावलेल्या होत्या. आणि ती रोज सकाळी, न सांगता, घेतलेल्यातलं थोडं परत करत होती. थोडंच, पण परत करत होती. फक्त ठेवायला जागा असावी लागत होती. एवढं मोठं धूड, युगानुयुगं एका जागी उभं, आणि तेही भरवतंय! आपल्याला वाटत होतं, भरवणारे आपण एकटेच.

त्यांचे हात आपोआप जोडले गेले. बेकरीवाल्याला वाटलं आपल्याला नमस्कार केला, तो गडबडून म्हणाला, "अहो काकू, मी फक्त गाडी चालवली."

"तुलाही असू दे," सासूबाई म्हणाल्या.

खोलीवाल्याला सुनेनं त्याच दुपारी नाही म्हणून सांगितलं.

व्हरांड्यातली खुर्ची होती तिथेच राहिली, आणि तिच्यात सासूबाईच. कळ ऐंशीवर. काही दिवसांनी सून म्हणाली, "आई, आज शंभर करा."

सासूबाई दचकल्या. "परीक्षा घेतेस का माझी?"

"नाही हो. महिन्यातून एखादवेळी काठोकाठ भरावंच लागतं. आत एक बॅटरी नसते, बारीक बारीक कितीतरी सेल असतात. रोजच्या धावपळीत कुणी थोडं पुढे जातं, कुणी मागे पडतं. आणि अख्खं चाक चालतं ते सगळ्यांत मागे असलेल्याच्या जोरावर. तो रिकामा झाला की बाकीच्यांजवळ असूनही उपयोग नाही. काठोकाठ भरताना पुढे गेलेले आपल्यातलं थोडं सोडून देतात आणि थांबतात, मागचे येईपर्यंत. म्हणून हिरवा दिवा लागला तरी लगेच वायर काढायची नाही. उद्या मी आधी माथ्यावरच्या सपाटीवरची घरं करीन, जागा झाली की मग उतरेन."

सासूबाईंनी कळ सरकवली, या वेळी सगळ्यांदेखत. टक्. मग त्या बसल्या. पंखा भुणभुणत होता. काळ्या पेटीवर त्यांनी अलगद तळहात ठेवला. गरम नाही, गार नाही, झोपलेल्याच्या पाठीसारखी ती लागली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत मात्र कुणी थांबलं होतं, कुणी येत होतं, आणि ना भांडण ना आवाज.

दिवा हिरवा झाला. स्वयंपाकघरातून वाढलेल्या जेवणाचा वास आला.

"आई," मुलानं हाक मारली, "हिरवा झाला ना? या जेवायला, गार होतंय."

"थांबा रे," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, झोपलेल्याला जाग येऊ नये तशा. "मागचे अजून यायचेत."

आत मुलानं उचललेला घास ताटात परत ठेवला. सुनेनं पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि दोघं येऊन खुर्चीशेजारी खाली बसली.